एचआयव्ही वर्तन सर्वेक्षण: आधी काय विचारायचं आणि काय सोडून द्यायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: धंदा करणाऱ्या महिला आणि एमएसएम (पुरुषांशी लैंगिक संबंध ठेवणारे पुरुष) या दोन गटांसाठी तुमची संस्था जिल्ह्यात टीआय प्रकल्प (टार्गेटेड इंटरव्हेन्शन, म्हणजे जास्त जोखमीच्या गटांसाठीचा एचआयव्ही प्रतिबंधाचा प्रकल्प) चालवते. एचआयव्हीच्या दृष्टीने महत्त्वाच्या वर्तनाची माहिती पहिल्यांदाच स्वतः गोळा करायची आहे. पैसे 500 मुलाखतींपुरते आहेत. प्रत्येकाने आपापले प्रश्न घातल्याने प्रश्नावली 148 प्रश्नांवर गेली आणि चाचणी मुलाखतीला दीड तास लागला. यातलं काय ठेवायचं आणि काय काढायचं?

कुठले प्रश्न काढायचे ते खाली सांगतेच. पण प्रश्नावली फुगली, कारण उत्तरांचं पुढे काय करायचं हे कुणी ठरवलंच नाही. म्हणून छाटणीची सुरुवात तिथूनच करा. प्रत्येक प्रश्नासमोर एक ओळ लिहा: याचं उत्तर 40 टक्के आलं तर आपण काय करू, आणि 80 टक्के आलं तर त्याहून वेगळं काय करू? दोन्हीकडे एकच गोष्ट लिहावी लागत असेल तर तो प्रश्न काढा. ‘डास चावल्याने एचआयव्ही होतो का?’ हा प्रश्न सर्वसामान्य लोकसंख्येच्या सर्वेक्षणात ठीक आहे. वर्षानुवर्षं टीआयच्या संपर्कात असलेल्या महिलेने त्याचं उत्तर काहीही दिलं, तरी तुमच्या कामात काहीच बदलणार नाही. माहिती, समज, दृष्टिकोन या सदरातले बहुतेक प्रश्न या एका चाळणीत गळतात, आणि त्यांची संख्याच सर्वांत मोठी असते.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते सांगते. देशात एचआयव्हीबाधितांची सर्वांत मोठी संख्या महाराष्ट्रात आहे, पण प्रौढ लोकसंख्येतलं प्रमाण एक टक्क्याच्या बरंच खाली आहे. हजार प्रौढांच्या घरी जाऊन विचारपूस केली तर त्यात बाधित माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच निघतील, आणि ज्या वर्तनातून संसर्ग पसरतो त्याबद्दल घरात, सासूच्या समोर, कुणी खरं बोलणार नाही. म्हणून आपल्याकडे जास्त जोखमीच्या गटांपासून सुरुवात करणं योग्यच आहे. मिझोराम किंवा मणिपूरमध्ये हाच प्रश्न कुणी विचारला असता, तर इंजेक्शनने नशा करणाऱ्यांना पहिलं स्थान द्या असं मी सांगितलं असतं. न्हावा शेवा किंवा कळंबोलीसारख्या ट्रक टर्मिनलवर काम असतं, तर गिऱ्हाईक असलेल्या पुरुषांना. तुमच्या जिल्ह्यात ऊसतोडीचे किंवा वीटभट्टीचे स्थलांतरित मोठ्या संख्येने येत असतील, तर तो वेगळा अभ्यास आहे. तो याच 500 मुलाखतींत कोंबू नका.

वर्तनाला एवढं महत्त्व का द्यायचं, असा प्रश्न निधी देणारे हमखास विचारतात. नॅकोच्या (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या) सेंटिनल सर्वेक्षणातून, म्हणजे ठरावीक केंद्रांवर ठरावीक काळाने होणाऱ्या रक्तचाचण्यांतून, 1998 पासून संसर्गाचं प्रमाण कळत आलंच आहे ना? हो, पण ते प्रमाण आज वाचायला अवघड झालं आहे. 2004 पासून एआरटी (एचआयव्हीवरची औषधं) मोफत मिळू लागली, माणसं जगू लागली, आणि ही चांगली गोष्ट घडल्यामुळेच बाधितांची संख्या पटकन खाली येत नाही. नवे संसर्ग घटत असतानाही एकूण प्रमाण तसंच दिसू शकतं. उद्या नवे संसर्ग कुठे होणार याचा अंदाज आजच्या वर्तनावरूनच येतो. युएनएड्स (संयुक्त राष्ट्रांचा एड्स कार्यक्रम) आणि जागतिक आरोग्य संघटनेने 2000 च्या सुमारास ‘दुसऱ्या पिढीचं सर्वेक्षण’ म्हणून रक्त आणि वर्तन एकत्र पाहण्याचा आग्रह धरला, तो याच विचाराने. आपल्याकडे 2001 आणि 2006 चं बीएसएस (वर्तनाचं सर्वेक्षण), मग रक्त आणि वर्तन एकत्र पाहणारी, सहा राज्यांतल्या आयबीबीएच्या दोन फेऱ्या आणि 2014-15 चं राष्ट्रीय आयबीबीएस अशी परंपरा आहे. गाभ्याचे प्रश्न शक्यतो याच प्रश्नावल्यांतून, शब्दही न बदलता घ्या. तुमचा आकडा कशाच्या तरी शेजारी ठेवून वाचता आला पाहिजे.

प्रश्नांकडे वळण्याआधी संख्येचा हिशेब करू. 500 मुलाखती दोन गटांत वाटल्या तर प्रत्येकी 250. समजा, निरोध वापराचं प्रमाण 60 टक्क्यांवरून 70 वर गेलं का, हे पुढच्या फेरीत ओळखायचं आहे. 95 टक्के विश्वासपातळी आणि 80 टक्के पॉवर (खरा बदल झाला असेल तर तो पकडला जाण्याची शक्यता) धरली, तर साध्या यादृच्छिक नमुन्यात प्रत्येक फेरीला सुमारे 356 जण लागतात. पण तुम्ही हॉटस्पॉटनुसार, म्हणजे गट जिथे जमतो त्या जागांनुसार, माणसं घेणार. एका जागच्या माणसांचं वर्तन एकमेकांसारखं असतं, म्हणून डिझाइन इफेक्ट (अशा निवडीमुळे नमुना किती पट वाढवायचा तो आकडा) किमान दीड ते दोन धरावा लागतो. दोन धरला की 712. बदल 60 वरून 75 इतका मोठा असेल तरी 304 लागतात. म्हणजे 250 मध्ये दोन्ही गटांबद्दल धड काहीच सांगता येणार नाही.

माझा सल्ला असा: यंदा एकच गट घ्या आणि त्याच्या 400 ते 450 मुलाखती नीट करा. 2014-15 च्या राष्ट्रीय फेरीतही एका डोमेनसाठी (एका भागातल्या एका गटासाठी) 400 चंच लक्ष्य होतं. दुसऱ्या गटासाठी यंदा पोलिंग बूथ पद्धत वापरा. ती स्वस्त आहे, खाली सांगते. दोन्ही गटांना न्याय देण्याच्या नादात दोघांचेही आकडे निरुपयोगी होतात, आणि हे अहवाल लिहायला बसल्यावरच लक्षात येतं.

आता गाभा. धंदा करणाऱ्या महिलांचा गट धरून बोलते.

पहिलं स्थान प्रत्यक्ष जोखमीच्या प्रसंगाला. ‘तुम्ही निरोध नेहमी वापरता का?’ या प्रश्नावर माझा भरवसा नाही. टीआयमध्ये वर्षानुवर्षं हाच धडा गिरवला गेलेला असतो, त्यामुळे उत्तर ‘नेहमी’ असंच येतं. त्याऐवजी एका ठरावीक दिवसाचा हिशेब विचारा: ‘शेवटचा धंदा केला तो दिवस आठवा. त्या दिवशी किती गिऱ्हाईकं झाली? त्यातल्या किती जणांबरोबर सुरुवातीपासून शेवटपर्यंत निरोध होता? अगदी शेवटच्या गिऱ्हाइकाबरोबर होता का?’ पाचातल्या चार असं सांगायला बाईला संकोच वाटत नाही. ‘मी नेहमी वापरत नाही’ असं म्हणायला मात्र वाटतो. शिवाय आकडे हाती आल्याने गिऱ्हाइकांची संख्या आणि निरोधाचा पुरवठा यांची सांगड घालता येते. रोज चार गिऱ्हाईकं म्हणजे महिन्याचे 25 दिवस धरून शंभर निरोध. प्रकल्पाकडून 40 मिळत असतील आणि ती विकत घेत नसेल, तर उरलेल्या 60 चं काय, हा प्रश्न आपोआप उभा राहतो.

यानंतर जोडीदारांचे प्रकार, आणि माहिती सर्वांत जास्त इथेच हरवते. गिऱ्हाइकाबरोबर निरोध असतो, पण ‘मालका’बरोबर (कायमच्या जोडीदाराबरोबर) किंवा नवऱ्याबरोबर बहुतेकदा नसतो. नेहमीचं गिऱ्हाईक या दोहोंच्या मध्ये कुठेतरी असतं. सांगली, कोल्हापूर पट्ट्यात ‘नियमित जोडीदार’ म्हटलं तर समोरची बाई नेहमीचं गिऱ्हाईक समजते. ‘मालक’ म्हटलं की बरोबर कळतं. तुमच्या जिल्ह्यात काय म्हणतात ते आधी समाजातल्याच चार-पाच जणींबरोबर बसून ठरवा. नवं गिऱ्हाईक, नेहमीचं गिऱ्हाईक आणि मालक किंवा नवरा अशा तिघांसाठी शेवटच्या वेळच्या निरोधाचा प्रश्न स्वतंत्र ठेवा.

छेदाकडेही लक्ष द्या. 400 पैकी 240 जणींना मालक असेल आणि त्यातल्या 72 जणींनी शेवटच्या वेळी निरोध वापरला असेल, तर प्रमाण 30 टक्के. चुकून 400 ने भागलं तर 18. दोन फेऱ्यांत दोन वेगळे छेद वापरले गेले की न झालेला बदल झाल्यासारखा दिसतो. म्हणून ‘लागू नाही’, ‘माहीत नाही’ आणि ‘सांगायचं नाही’ यांना तीन वेगळे कोड द्या. रिकामी चौकट कधीही ठेवू नका.

दुसरं स्थान चाचणी आणि उपचारांशी असलेल्या जोडणीला. ‘गेल्या 12 महिन्यांत चाचणी केली का?’ असं न विचारता शेवटच्या चाचणीचा महिना आणि वर्ष विचारा. प्रकल्पाचा निकष दर सहा महिन्यांचा, आंतरराष्ट्रीय अहवालाचा 12 महिन्यांचा. एका तारखेवरून दोन्ही काढता येतात. कुठे केली (आयसीटीसी म्हणजे सरकारी समुपदेशन-चाचणी केंद्र, टीआयचं शिबिर की खासगी लॅब) आणि निकाल हातात मिळाला का, हे दोन जोडप्रश्न. एचआयव्हीची स्थिती विचारायची असेल तर अगदी शेवटी विचारा आणि ‘सांगायचं नाही’ हा पर्याय वाचून दाखवा. एआरटीवर असणं, विषाणूभार (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) दबलेला असणं आणि एमएसएमच्या बाबतीत प्रेप (संसर्ग टाळण्यासाठी आधीच घ्यायचं औषध) घेणं, यामुळे निरोधाशिवाय झालेल्या संबंधाचा अर्थच बदलतो. आज निरोधाचा आकडा एकटा वाचला तर चुकीचा निष्कर्ष निघू शकतो.

तिसरं, प्रकल्पाची पोहोच: गेल्या तीन महिन्यांत निरोध मिळाले का, समुपदेशन झालं का, गुप्तरोगाची तपासणी झाली का. यातल्या किमान दोन सेवा मिळालेल्या जणींचं प्रमाण काढा. प्रश्न तीनच आहेत, पण त्यांचा आकडा जितका सहज फसतो तितका दुसरा कुठलाच फसत नाही. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिते.

बाकीचं झटपट. गुप्तरोगाच्या लक्षणांत जखम किंवा फोड आणि पांढरं जाणं वेगळं विचारा. पांढरं जाण्याची कारणं अनेक असतात आणि दोन्ही एकत्र केलं तर आकडा फुगतो. नशेसाठी सुई टोचणं दोन्ही गटांना एका प्रश्नात विचारा. उत्तर ‘हो’ असेल तरच शेवटच्या वेळी वापरलेली सुई कुणाची होती ते विचारा. दारूसाठी लांबलचक मापनपट्टी नको, शेवटच्या संबंधाच्या वेळी नशा होती का एवढं पुरे. भेदभावाच्या भीतीने गेल्या 12 महिन्यांत दवाखान्यात जायचं टाळलं का, हा एक प्रश्न ठेवा. पोलीस, गिऱ्हाईक आणि मालक यांच्याकडून झालेल्या मारहाणीचे तीन प्रश्न मी ठेवते, पण एका अटीवर: मदत मागणाऱ्या बाईला त्याच दिवशी कुठे पाठवायचं हे ठरलेलं आणि त्या ठिकाणाशी बोलणं झालेलं असलं पाहिजे. तशी सोय नसेल तर जखम उघडी करून निघून जाण्याचा आपल्याला अधिकार नाही. मग ते तिन्ही प्रश्न काढून टाका.

वय, शिक्षण, धंद्यातली वर्षं, गिऱ्हाईक कसं मिळतं, गेल्या वर्षभरात दुसऱ्या गावी धंद्यासाठी गेलात का, हे धरून सगळं 35 ते 40 प्रश्नांत बसतं. वेळ 25 मिनिटं. यापेक्षा लांबलं की शेवटच्या तिसऱ्या भागातली उत्तरं कंटाळ्याची असतात. ती एकसारखी ‘नाही, नाही, नाही’ अशी येऊ लागतात, कारण ‘हो’ म्हटलं की पुढे जोडप्रश्न येतो हे तोवर समोरच्याला कळलेलं असतं. एमएसएम गटासाठी सांगाडा हाच. फक्त संबंधाचा प्रकार, पैसे दिले-घेतले का, वंगणाचा वापर आणि गेल्या सहा महिन्यांत बाईबरोबर संबंध आला का, हे प्रश्न बदलून घ्यायचे.

इथवरचं एका ओळीत: जोखमीचा शेवटचा प्रसंग जोडीदाराच्या प्रकारानुसार, मग चाचणी-उपचार, मग सेवांची पोहोच. बाकी सगळं या तिघांना जागा देऊन उरली तर.

आता पोहोचीचा आकडा का फसतो ते पाहू. संस्थेच्या हाताशी टीआयची लाइनलिस्ट, म्हणजे नोंदलेल्या लाभार्थ्यांची यादी, तयार असते. तिच्यातून नावं काढून मुलाखती घेणं सर्वांत सोपं, आणि सर्वेक्षणाची सर्वांत मोठी चूकही तीच. ज्यांच्यापर्यंत आपण पोहोचलो त्यांचीच ती यादी आहे. त्यांना ‘आमचा कार्यकर्ता भेटला का?’ विचारलं तर 95 टक्के ‘हो’ म्हणणारच. तो आकडा अहवालात छान दिसतो, पण ज्या बाईला आजवर कुणीच भेटलेलं नाही तिच्याबद्दल तो अवाक्षरही सांगत नाही. नवे संसर्ग तिच्याकडे होण्याची शक्यता अधिक असते. यादीतल्या हॉटस्पॉटपुरतीच निवड केली तरी हीच अडचण येते, फक्त जरा कमी प्रमाणात.

यादीतल्या आणि यादीबाहेरच्या माणसांमधली ही दरी वाढत चालली आहे. कामाठीपुरा, बुधवार पेठ, नागपूरची गंगा-जमुना अशा ठरलेल्या वस्त्या धरून काम करण्याची आपल्याला सवय आहे. वस्ती हलली की यादी कोसळते. 2004 मध्ये गोव्यात वास्कोजवळच्या बायणा किनाऱ्यावरची वस्ती पाडली गेली आणि तिथल्या महिला पांगल्या. जुन्या नकाशावरून त्यांना शोधणं शक्यच राहिलं नाही. आज पाडापाडीचीही गरज नाही. मोबाइल, लॉज, भाड्याची खोली आणि व्हॉट्सअ‍ॅप यांनी तेच काम शांतपणे केलं आहे. एमएसएममध्ये तर डेटिंग अ‍ॅपवर भेटणारा तरुण बसस्टँडच्या मागच्या स्पॉटवर कधीच येत नाही.

म्हणून नमुन्याची चौकट, म्हणजे ज्या यादीतून निवड करायची ती, नव्याने बांधा. वेळ-स्थळ पद्धतीत आधी जिल्ह्यातल्या सगळ्या जागांची यादी करायची: टीआयची, आणि टीआयला माहीत नसलेलीही. रिक्षावाले, पानटपरीवाले, लॉजचे मॅनेजर आणि समाजातली माणसं यांच्याकडून नव्या जागा कळतात. मग प्रत्येक जागेचे दिवस आणि तीन-तीन तासांचे तुकडे पाडायचे, उदाहरणार्थ ‘बसस्टँडमागे, शुक्रवार, संध्याकाळी 7 ते 10’. प्रत्येक तुकड्यात साधारण किती जण असतात ते एकदा प्रत्यक्ष मोजून लिहायचं आणि त्या संख्येच्या प्रमाणात तुकडे निवडायचे. कोठ्यांवर दुपारची 11 ते 3 ही वेळ बरी, तेव्हा गिऱ्हाईक कमी असतं आणि घरवालीचीही कटकट कमी. प्रत्येकीला ‘गेल्या सात दिवसांत इथे किती दिवस होता?’ हे जरूर विचारा. रोज येणारी नमुन्यात सापडण्याची शक्यता आठवड्यातून एकदा येणारीपेक्षा सातपट असते आणि हा फरक वजन देऊनच, म्हणजे रोज येणारीचं उत्तर हिशेबात त्या प्रमाणात कमी मोजूनच, दुरुस्त करता येतो. हा प्रश्न विसरलात तर नंतर काहीच करता येत नाही.

स्पॉटवर न येणाऱ्यांसाठी साखळी पद्धत, म्हणजे आरडीएस. वेगवेगळ्या वयाचे, वेगवेगळ्या भागांतले, निदान दोघे अ‍ॅपवर भेटणारे, असे सहा ते आठ ‘बीज’ निवडा. प्रत्येकाला तीन कूपनं द्या. तो आपल्या ओळखीतल्यांना पाठवतो, त्यांना पुन्हा तीन. इथे ‘जिल्ह्यातल्या अशा किती जणांना तुम्ही ओळखता, आणि त्यांतल्या किती जणांना गेल्या महिन्यात भेटलात?’ हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, कारण वजन त्यावरच ठरतं. बिघाड दोन प्रकारे होतो. मानधन जास्त ठेवलं तर गटाबाहेरची माणसं कूपन विकत घेऊन येतात. प्रवासभाडं आणि बुडालेला वेळ भरून निघेल एवढंच ठेवा. आणि सगळी बीजं टीआयचेच पीअर (समाजातूनच निवडलेले कार्यकर्ते) असतील, तर साखळी फिरून टीआयच्या लाभार्थ्यांतच येते. तिसऱ्या-चौथ्या फळीपर्यंत प्रकल्पाबाहेरची माणसं दिसू लागली नाहीत तर नवी बीजं घ्या.

एकूण संख्येचा अंदाजही याच सर्वेक्षणातून जवळपास फुकट मिळतो. मुलाखती सुरू होण्याआधी दहा दिवस 600 एकसारख्या, पण बाजारात न मिळणाऱ्या किचेन वाटा, एका बाईला एकच. मुलाखतीत विचारा, अशी किचेन मिळाली का, आणि दाखवायला सांगा. 25 टक्के ‘हो’ म्हणाल्या तर गटाची संख्या 600 भागिले 0.25, म्हणजे 2400. किचेन फक्त ओळखीच्याच महिलांना वाटल्या आणि मुलाखतीतही त्याच जास्त सापडल्या, तर टक्केवारी फुगते आणि अंदाज खऱ्यापेक्षा कमी येतो.

खरं उत्तर मिळण्याबाबत. तुमच्या प्रकल्पाच्या ओआरडब्ल्यूने (क्षेत्रात फिरणाऱ्या कार्यकर्त्याने) किंवा पीअरने तुमच्याच लाभार्थीला निरोधाबद्दल विचारू नये. जी बाई दर आठवड्याला निरोध आणून देते, तिला ‘काल वापरला नाही’ असं कोण सांगेल? शेजारच्या जिल्ह्यातल्या समाजातल्याच मुलाखतकार आणा आणि बदल्यात तुमच्या तिकडे पाठवा. पाच दिवसांचं प्रशिक्षण द्या, त्यातले दोन दिवस निव्वळ सराव मुलाखती आणि एक दिवस प्रत्यक्ष जागेवर. नकार देणाऱ्यांची नोंद रोज करा: जागा, अंदाजे वय, कारण. नकार 10 टक्के आहेत की 40, हे माहीत नसेल तर बाकी आकड्यांना फारसा अर्थ राहत नाही.

पोलिंग बूथ पद्धत दुसऱ्या गटासाठी सुचवली ती अशी. 10 ते 12 जणांना एका खोलीत, प्रत्येकाला पुठ्ठ्याचा आडोसा करून बसवायचं. प्रत्येकाकडे तीन खोके: हिरवा ‘हो’साठी, लाल ‘नाही’साठी, पांढरा ‘लागू नाही’साठी, आणि प्रश्नांचे क्रमांक छापलेली पत्त्यांसारखी कार्डं. प्रश्न मोठ्याने वाचायचा. ज्याने त्याने त्या क्रमांकाचं कार्ड आपल्या खोक्यात टाकायचं. कुणी काय टाकलं हे मुलाखत घेणाऱ्यालाही कळत नाही. कर्नाटकात ही पद्धत भरपूर वापरली गेली, आणि समोरासमोरच्या मुलाखतीत लपवलं जाणारं वर्तन तिच्यात जास्त प्रमाणात बाहेर येतं. मर्यादा एवढीच की उत्तरं फक्त गटाच्या पातळीवर मिळतात. 25 वर्षांखालच्यांचं वेगळं प्रमाण हवं असेल तर त्यांचा वेगळा गट बसवावा लागतो. ‘हो-नाही’चे 15 ते 20 प्रश्न पुरे, आणि प्रश्न नकारार्थी वाक्यात विचारू नका. ‘निरोध वापरला नाही असं झालं का?’ ऐकून अर्धे जण चुकीचा खोका निवडतात.

कायद्याच्या बाजूने तीन गोष्टींत तडजोड करू नका. एचआयव्ही आणि एड्स कायदा 2017 चा, तो 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. संमती, गोपनीयता आणि नोंदींचं संरक्षण ही त्याखाली संस्थेची जबाबदारी आहे. म्हणून नाव, सही, मोबाइल नंबर यांतलं काहीही मुलाखतीच्या फाइलमध्ये नको; संमती तोंडी घ्या आणि मुलाखतकाराने साक्षीदारासमोर तशी नोंद करावी. टॅबवर आपोआप नोंदलं जाणारं अचूक जीपीएस बंद करा. खोलीचं नेमकं ठिकाण असलेली फाइल चुकीच्या हाती पडली, तर सर्वेक्षणाने मदत केली ती धाड टाकणाऱ्यांना. दुसरं, 18 वर्षांवरच्यांनाच घ्या आणि वय सर्वांत आधी विचारा. अल्पवयीन व्यक्तीवरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती कळल्यावर पोक्सो कायद्याने कळवणं बंधनकारक आहे, आणि गोपनीयतेचं वचन आधी देऊन मग ते मोडावं लागणं ही दोघांवरही अन्यायकारक स्थिती आहे. तिसरं, नीतिमत्ता समितीच्या मंजुरीशिवाय आणि निकाल परत देण्याच्या सोयीशिवाय रक्ताचा नमुना घेऊ नका. रक्ताचं काम सेंटिनल आणि आयसीटीसीवर सोडा.

विश्लेषणात एकच काळजी घ्या. 400 च्या नमुन्यात, डिझाइन इफेक्ट दोन धरून, 80 टक्के आकडा आला तर खरं प्रमाण साधारण 74.5 ते 85.5 च्या दरम्यान कुठेही असू शकतं. पुढच्या फेरीत 84 आलं तर ती वाढ म्हणून जाहीर करू नका, आणि 76 आलं तर कार्यकर्त्यांना धारेवर धरू नका. हा पट्टा प्रत्येक तक्त्यात छापा. वर्तन वर्षागणिक एवढं बदलतही नाही. मोठी फेरी दोन-तीन वर्षांनी आणि मधल्या वर्षी पोलिंग बूथ, हे गणित परवडतं.

आणि वरच्या तीन भागांतले गाभ्याचे 10-12 प्रश्न यंदाच गोठवा: शब्द, क्रम, पर्यायांचे कोड, सगळं. मराठी, हिंदी, कन्नड, ज्या भाषांत विचारले त्या प्रत्येक भाषेतली प्रश्नावली, कोडबुक आणि नमुना कसा काढला याची दोन पानं आकड्यांबरोबर एकाच फोल्डरमध्ये ठेवा आणि एक प्रत डापकूकडे (जिल्हा एड्स प्रतिबंध व नियंत्रण पथकाकडे) द्या. टीआयमध्ये माणसं बदलतात, कधी प्रकल्प दुसऱ्या संस्थेकडे जातो. तीन वर्षांनी जो कुणी पुढची फेरी घेईल त्याला हे फोल्डर मिळालं तरच तुमच्या यंदाच्या 400 मुलाखती त्याच्या कामाला येतील.